मग तू काय केलंस?

प्रोजेक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत काय विचारतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. स्वतःबद्दल सांगा. अवघड प्रोजेक्ट कसा हाताळलात? डेडलाइन हुकणार असं दिसल्यावर काय केलंत? क्लायंटने मध्येच काम वाढवलं तर? टीममधल्या दोघांचं पटत नसेल तर? एखादं अपयश सांगा. हिंजवडीत जेवणाच्या सुट्टीत कुणालाही विचारा, ही यादी त्याला पाठ असते, आणि टेबलावरच्या एकाच्या तरी फोनमध्ये पन्नास प्रश्नांची उत्तरांसकट पीडीएफ असतेच. पॅनेलवर बसते तेव्हा मीही हेच प्रश्न विचारते. नवे, चमकदार प्रश्न शोधून काढावेत असं मला कधी वाटलं नाही, कारण हे जुने प्रश्न चांगले आहेत. या नोकरीत रोज जे करावं लागतं, त्याबद्दलच ते आहेत.

त्रास होतो तो उत्तरं ऐकताना. समोर बसलेल्या माणसाने भरपूर काम केलेलं असतं. लातूर, बार्शी, चाळीसगावकडून शिकायला पुण्यात आलेली, एकेका कंपनीत आठ-दहा वर्षं राबलेली ही माणसं. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली सिस्टिम, बंद पडलं तेव्हा यांनीच फोन उचललेला असतो, नव्या पोरांना यांनीच शिकवलेलं असतं, भडकलेल्या क्लायंटला यांनीच शांत केलेलं असतं. आणि ‘अवघड प्रोजेक्ट कसा हाताळलात’ असं विचारलं की हाच माणूस सांगतो, ‘काही चॅलेंजेस आले, पण टीमवर्क आणि प्रॉपर कम्युनिकेशनच्या जोरावर आम्ही प्रोजेक्ट वेळेत डिलिव्हर केला.’ हे वाक्य कुठल्याही प्रोजेक्टबद्दल कुणीही बोलू शकतं. त्यात ना तो दिसतो, ना त्याचं काम. मी विचारते, ‘म्हणजे नेमकं काय झालं होतं?’ तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटतो तो मला बघवत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. फक्त त्याकडे वळून पाहायला त्याला कधी उसंत मिळालेली नसते. एक गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष वापरात आणणं, संपलं की सोमवारी दुसऱ्या प्रोजेक्टची किक-ऑफ मीटिंग.

आता चॅटबॉटकडून उत्तरं लिहून घेता येतात, त्यामुळे एकाच दिवशी दोन-तीन उमेदवारांकडून तीच रचना, तेच शब्द ऐकू येतात. पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नाला तग धरतं, दुसऱ्याला कोसळतं. ‘तो निर्णय कुणी घेतला?’, ‘तेव्हा तुमच्या हातात कोणती माहिती होती?’ एवढं विचारलं तरी पुरतं. तयारी करू नये असं मी अजिबात म्हणत नाही. भरपूर करावी. पण ती प्रश्नांच्या यादीपासून सुरू केली की बिघडते. ती स्वतः केलेल्या कामापासून सुरू करावी लागते.

माझी भाची विमा क्षेत्रातल्या प्रोजेक्टवर टीम लीड आहे आणि तिने पहिल्यांदाच प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागांसाठी अर्ज करायला सुरुवात केली. एका रविवारी ती कर्वेनगरला आमच्याकडे आली, प्रश्न आणि इंग्रजीतली उत्तरं छापून घेऊन. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझे वडील पेपर वाचत होते. ते पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्य कालव्यांवर गेलं, सॉफ्टवेअरशी संबंध फक्त मोबाइलपुरता. भाचीने पहिलं उत्तर वाचून दाखवलं. छान इंग्रजी होतं. मी म्हटलं, ‘आता हेच आजोबांना मराठीत सांग.’

‘आजोबा, एका इन्शुरन्स कंपनीची जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायची होती. जुन्या पॉलिसींचा सगळा डेटा तिकडे न्यायचा होता. त्यात डिपेंडन्सी इश्यू आला.’

‘म्हणजे काय झालं?’

‘दुसऱ्या एका कंपनीने आम्हाला टेस्टिंगसाठी डेटा द्यायचा होता. त्यांनी उशीर केला.’

‘किती?’

‘तीन आठवडे.’

‘तुला कधी कळलं?’

इथे ती थांबली. तिच्या कागदावर हे नव्हतं. मग म्हणाली, ‘तारखेच्या दहा दिवस आधी. त्यांनी सांगितलं नव्हतं. पण त्यांची नमुन्याची फाइल आली होती, तिच्यात क्लेम्सचे अर्धे रकाने रिकामे होते. ते बघूनच मला कळलं की यांचं काम झालेलं नाही.’

‘मग तू काय केलंस?’

‘मॅनेजरला सांगितलं. ते म्हणाले, अजून दहा दिवस आहेत, थांब.’

‘थांबलीस?’

‘नाही ना!’

आणि मग ती खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागली. तिने पलीकडच्या माणसाला फोन करून एकेक रकाना विचारला. पॉलिसीचा आणि हप्त्यांचा डेटा ठीक होता, अडकलं होतं ते फक्त क्लेम्सचं. तिने एका पानावर दोन पर्याय मांडले. एक, सगळंच तीन आठवडे पुढे ढकलायचं. दुसरा, पॉलिसी आणि हप्ते ठरल्या तारखेला नव्या सिस्टिमवर न्यायचे आणि क्लेम्स तीन आठवडे जुन्यावरच चालू ठेवायचे. दुसऱ्याची किंमतही तिने लिहिली होती: मधल्या काळात क्लेम्सच्या माणसांना दोन्हीकडे बघावं लागेल. ते पान घेऊन ती पुन्हा मॅनेजरकडे गेली, मग दोघं मिळून क्लायंटकडे. क्लायंटने चार दिवस घेतले आणि दुसरा पर्याय निवडला. क्लेम्सची माणसं वैतागली होती, म्हणून ते तीन आठवडे ती रोज सकाळी अर्धा तास त्यांच्याबरोबर कॉलवर बसायची.

बाबांनी विचारलं, ‘हे त्या कागदात का नाही लिहिलंस?’

‘आजोबा, हे तर रोजचंच काम आहे.’

पॅनेलला ऐकायचं असतं ते हेच. अर्ध्या रिकाम्या रकान्यांवरून पुढचा उशीर ओळखला, ‘थांब’ म्हटल्यावरही शोध घेतला, पर्याय त्यांच्या किमतीसह मांडले, निर्णय ज्याचा होता त्याला घेऊ दिला आणि निर्णयामुळे ज्यांना त्रास झाला त्यांच्यासोबत उभी राहिली. प्रोजेक्ट मॅनेजरकडून याहून जास्त काय हवं असतं? आणि हे सगळं ‘डिपेंडन्सी इश्यू’ या दोन शब्दांखाली गाडलं गेलं होतं.

उत्तरं बांधायला ‘स्टार’ नावाची मांडणी सगळीकडे शिकवतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. क्रम म्हणून ती चांगली आहे, सांगताना भरकटायला होत नाही. पण माझ्या मते तिच्यात एक जागा रिकामी राहते. कृती सांगण्याआधी, त्या क्षणी दुसरं काय करता आलं असतं आणि ते का केलं नाही, हे सांगायला हवं. पर्यायच नसेल तर तो निर्णय नसतो. आणि निर्णय दिसला नाही तर तुम्ही मीटिंगला हजर होता की मीटिंग चालवत होता, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

डेडलाइनच्या प्रश्नावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त उमेदवार इथे अडखळतात. ‘टीमने वीकेंडला काम केलं’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकताना मला त्या टीमच्या घरच्यांची आठवण होते. शनिवार-रविवार काम करून एखादी तारीख गाठता येते, पण विचारलेलं ते नसतं. आधी सांगावं लागतं की उशीर नेमका कुठे आहे. क्रिटिकल पाथ ही कल्पना १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यू पॉन्ट या रसायन कंपनीच्या कामातून पुढे आली. तिचं सार एवढंच की एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सगळ्यात लांब साखळी, तिच्यावर शेवटची तारीख ठरते. त्या साखळीबाहेरचं काम तुम्ही दुप्पट वेगाने केलंत तरी तारीख एका दिवसानेही अलीकडे येत नाही. साखळीतल्या कामांना जास्त माणसं किंवा पैसे देणं हा एक मार्ग, एकामागून एक होणारी कामं थोडी एकमेकांवर चढवणं हा दुसरा, आणि कामातलाच काही भाग क्लायंटच्या संमतीने पुढच्या टप्प्यात टाकणं हा तिसरा. पहिल्यात खर्च वाढतो, दुसऱ्यात चुका आणि पुन्हा करायची कामं वाढतात, तिसऱ्यासाठी कुणाला तरी समजवावं लागतं. कुठला मार्ग का निवडला हे सांगितलं की ऐकणारा सरसावून बसतो.

माणसं वाढवण्याबद्दल फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ साली लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो आणि बोलण्याचे धागे वाढतात. ५ माणसांत १० जोड्या होतात, १० माणसांत ४५. हे गणित उमेदवाराने बोलून दाखवावं अशी माझी अपेक्षा नसते. पण ‘आम्ही पाच रिसोर्स आणखी घेतले’ असं म्हणणाऱ्याने पहिल्या पंधरवड्यात काम उलट मंदावलं का, हे सांगितलं तर त्याने ते खरोखर केलंय याची मला खात्री पटते.

आकडे हा आमच्याकडच्या उमेदवारांचा आणखी एक नाजूक कोपरा. ‘प्रोजेक्ट कुठवर आलाय हे तुम्ही कसं मोजता?’ या प्रश्नाला ‘डेली स्टँड-अप घेतो, वीकली स्टेटस पाठवतो’ असं उत्तर येतं. ते पाठवण्याबद्दल झालं, मोजण्याबद्दल नाही. भाचीला अर्न्ड व्हॅल्यूची, म्हणजे झालेल्या कामाची किंमत वेळापत्रकाशी आणि खर्चाशी ताडून पाहण्याची, सूत्रं पाठ होती, पण प्रत्येक वेळी कशाला कशाने भागायचं यात ती अडकत होती. बाबांना मी विचारलं, तुम्ही कालव्यावर हे कसं करायचात? त्यांनी पेपरच्या कडेला लिहायला सुरुवात केली. समज, १० किलोमीटर कालव्याचं अस्तरीकरण आहे, १० महिने, १ कोटी रुपये. ५ महिने झाले. म्हणजे ५ किलोमीटर व्हायला हवं होतं, ५० लाखांचं काम. प्रत्यक्षात ४ किलोमीटर झालं, म्हणजे काम झालं ४० लाखांचं. आणि खर्च पडला ५५ लाख.

‘आता सांग, ठेकेदार म्हणतो निम्मे पैसे संपलेत, निम्मं काम झालं असेल. खरं का?’

भाची हसली आणि भागाकार करायला लागली. ४० भागिले ५०, म्हणजे वेग ठरल्याच्या ०.८. ४० भागिले ५५, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयात साधारण ७३ पैशांचं काम. असंच चाललं तर १ कोटीचं काम १ कोटी ३७ लाख ५० हजारांवर जाणार आणि १० महिन्यांऐवजी साडेबारा महिने घेणार. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या कंत्राटदारांना ज्या हिशेबपद्धतीचे निकष घालून दिले, तिचा गाभा बाबांनी पेपरच्या कडेला उतरवला होता. त्यांच्या खात्यात हे मेजरमेंट बुकावर चालायचं. जागेवर टेप लावून मोजायचं, एमबीत चढवायचं, मगच बिल. ‘एमबीत चढलं नाही ते काम झालेलं नाही,’ ते म्हणाले. ‘ठेकेदार ऐंशी टक्के झालं म्हणतो, पण त्या वीस टक्क्यांतच सगळे अवघड बांध असतात.’

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ऐंशी टक्के चांगले ओळखीचे आहेत. म्हणून मी भाचीला सांगितलं की आकड्यांचं उत्तर देताना सूत्राने सुरू करू नकोस, तू काय मोजत होतीस तिथून कर. लिहून झालेला कोड, की टेस्ट होऊन क्लायंटने मान्य केलेलं काम? ‘मान्य झालेलंच मोजत होते’ एवढं एक वाक्य सूत्रांच्या पानापेक्षा मोलाचं आहे.

याला लागूनच स्टेटसच्या रंगाचा प्रश्न येतो: हिरवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे संकट. आमच्या धंद्यात काही प्रोजेक्टना कलिंगड म्हणतात: अहवालात बाहेरून हिरवा, आत लालभडक. ‘तुमच्या वरिष्ठांनी स्टेटस हिरवाच ठेवा असं सांगितलं तर?’ हे मी विचारते आणि उमेदवार घाबरतात. वरिष्ठांविरुद्ध बोलावं की त्यांची बाजू घ्यावी, हे त्यांना समजत नाही. दोन्ही करायची गरज नसते. वाईट बातमी लवकर पोचली तर ऐकणाऱ्याच्या हातात काही तरी करायला वेळ असतो, उशिरा पोचली तर फक्त राग उरतो. म्हणून बातमी थेट वरिष्ठांकडे, लेखी, पर्यायांसह न्यायची, आणि ती पुढे कशी मांडायची हे त्यांच्याबरोबर ठरवायचं. भाचीने तेच केलं होतं. तिला त्याचं मोल माहीत नव्हतं, एवढंच.

क्लायंटने काम वाढवलं तर काय, या प्रश्नावर ‘चेंज रिक्वेस्ट काढतो’, म्हणजे वाढीव कामाची लेखी नोंद करतो, हे उत्तर सगळे देतात आणि ते चूक नाही, अपुरं आहे. क्लायंट म्हणतो, ‘फॉर्मवर फक्त एक रकाना वाढवा, नॉमिनीचं नातं.’ आता तो रकाना स्क्रीनवर येणार, डेटाबेसमध्ये जाणार, जुन्या लाखो नोंदींत तो रिकामा असणार म्हणून तिथे काय दाखवायचं ते ठरवावं लागणार, ग्राहकाला जाणाऱ्या पत्रात छापला जाणार, महिन्याच्या अहवालात दिसणार, त्याचं मराठी-हिंदी भाषांतर लागणार आणि हे सगळं पुन्हा तपासलं जाणार. हे क्लायंटला न दुखावता दाखवता येणं हे कौशल्य आहे. दाखवलं की पुष्कळदा क्लायंटच म्हणतो, राहू द्या, पुढच्या रिलीजला बघू. आणि कधी म्हणतो, काही झालं तरी हवंच, पैसे देतो. दोन्ही ठीक. मोजून दाखवण्याआधी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं तेवढं टाळायचं. असा एक रकाना, एक बटण, एक अहवाल प्रत्येक उमेदवाराच्या आठवणीत असतो. तो शोधून ठेवावा.

ॲजाइल (स्प्रिंट नावाच्या छोट्या टप्प्यांत करून दाखवत, बदलत पुढे जाणं) की वॉटरफॉल (सगळं आधी ठरवून एकामागून एक टप्पे करणं), यावर फार वेळ घालवू नये. २००१ साली १७ जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला इथपासून सुरुवात करणाऱ्याला मी हळूच थांबवते. तुमच्या कामात काय चाललं आणि का, तेवढं पुरे. याचं उत्तर कामाच्या स्वभावावर असतं आणि पुण्यात राहणाऱ्याला ते कळायला अवघड नाही. चाकणला गाडीचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला प्रोजेक्ट मॅनेजर साच्यासाठी पोलाद कापून झाल्यावर ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’ म्हणू शकत नाही. त्याच्याकडे टूल ट्रायल, म्हणजे साच्याची चाचणी, असते, पीपॅपची, म्हणजे भाग ठरल्याप्रमाणे बनतोय याची गाडीवाल्यांकडून, मंजुरी असते आणि एसओपीची, म्हणजे उत्पादन सुरू होण्याची, तारीख असते. ती हलली तर गाडीवाल्यांची लाइन थांबते. बाणेरमध्ये ॲप बनवणाऱ्याला मात्र ग्राहकाला काय आवडेल हे आधी माहीतच नसतं, त्याने थोडं थोडं करून दाखवलेलंच बरं. चाकणमधून आयटीत येऊ पाहणारे काही जण मला भेटतात आणि आपला अनुभव इथे चालणार नाही अशी भीती बाळगतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे की तो अनुभव लपवू नका. ज्याने न हलणाऱ्या तारखेशी वर्षानुवर्षं सामना केलाय, त्याला जोखीम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

जोखमीचा प्रश्न आला की मला चांदणी चौकातला जुना पूल आठवतो. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे, सुमारे ६०० किलो स्फोटकं वापरून तो पाडायचा होता. सगळं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. स्फोट झाला, धूळ बसली आणि पुलाचा बराच भाग तसाच लटकलेला दिसला. आत अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड निघालं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. उरलेला भाग मग यंत्रांनी पाडला आणि सकाळी महामार्ग पुन्हा सुरू झाला. रात्री अनेकांनी टिंगल केली. मी मात्र त्या पोकलेन आणि डंपरकडे बघत होते. ते आधीपासून तिथे उभे होते म्हणूनच पुढचं काम काही तासांत झालं. जोखमीबद्दल विचारल्यावर ‘रिस्क रजिस्टर (जोखमींची यादी) ठेवतो’ असं म्हणून थांबू नये. जुन्या सिस्टिमच्या पोटात काय निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही, जुन्या पुलाच्याही नाही. प्रश्न असा असतो की अंदाज चुकला तर लगेच काय वापरायचं, हे तुम्ही आधी आणून ठेवलं होतं का, आणि त्याचा खर्च मंजूर करताना वरिष्ठांना काय सांगितलं होतं. असा एखादा ‘पोकलेन’ प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये असतो: परत जुन्यावर येण्याचा मार्ग, राखून ठेवलेले चार दिवस, किंवा सुट्टीवर गेलेल्या जुन्या डेव्हलपरचा त्याच्या परवानगीने ठेवलेला नंबर.

टीममधल्या भांडणाबद्दल एवढंच सांगेन की दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवल्याच्या गोष्टी पॅनेलला खऱ्या वाटत नाहीत. बहुतेक भांडणांच्या मुळाशी काम कुणाचं आहे हे न ठरलेलं असणं असतं. ते ठरवून दिलं, लिहून दिलं, असं सांगणारा मला पटतो. बलस्थान आणि उणीव या प्रश्नांवर मी इथे लिहीत नाही, ते मी स्वतः विचारत नाही.

अपयशाच्या प्रश्नाला लोक दोन प्रकारे चुकवतात. एक तर अपयश म्हणून यशच सांगतात, नाहीतर सगळा दोष क्लायंटवर, विक्रीवर, जुन्या मॅनेजरवर टाकतात. मला या प्रश्नाबद्दल फार आपुलकी आहे, कारण उमेदवार इथे खरा बोलला तर बाकी मुलाखत मोकळी होते. सांगायचं ते हे: कोणतं लक्षण दिसलं होतं, ते का कमी लेखलं गेलं, पैसे किंवा वेळ किती गेला, आणि नंतरच्या प्रोजेक्टमध्ये कामाची कोणती रीत बदलली. शेवटचा भाग नेमका हवा. ‘खूप शिकलो’ हे पुरत नाही. ‘आता यूएटी, म्हणजे क्लायंटने स्वतः करायची शेवटची तपासणी, सुरू होण्याआधी क्लायंटकडून तपासणाऱ्या माणसांची नावं लेखी घेतो’ हे पुरतं.

बायकांना विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नावर मला स्पष्ट बोलायचंय. लग्न कधी, मुलं किती, घरी कोण बघतं, हे आजही विचारलं जातं आणि ‘अमेरिकेचा क्लायंट आहे ना, म्हणून विचारतो’ असं कारण दिलं जातं. हे विचारू नये. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे अकरा असतात, याची झळ पुरुषांच्या घरालाही तेवढीच लागते, आणि त्यांना कुणी विचारत नाही. भाचीला मी सांगितलं, चिडू नकोस, घाबरू पण नकोस. शांतपणे विचार, ‘या प्रोजेक्टला क्लायंटबरोबर रोज किती तास एकत्र लागतात आणि कोणते?’ मग त्या तासांबद्दल हो की नाही ते बोल. घराबद्दल बोलायला तू बांधील नाहीस.

इंग्रजीची भीती हा मोठा विषय आहे, पण माझ्या पाहण्यात ती भीती बहुतेकदा इंग्रजीची नसते. आठवण धूसर असते, वाक्याच्या मध्यावर पुढचं आठवत नाही आणि माणसाला वाटतं शब्द सापडला नाही. आधी मराठीत, घरातल्या कुणाला तरी, आयटीतला एकही शब्द न वापरता सांगा. आईला सांगा, सासऱ्यांना सांगा, पुतण्याला सांगा. ते जिथे ‘म्हणजे काय?’ विचारतील तिथे तुमचं उत्तर पोकळ आहे असं समजा. एकदा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला की साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांतही तो पोचतो. भाचीने नंतर जे इंग्रजी उत्तर तयार केलं ते पहिल्याच्या निम्मं होतं आणि त्यात ‘चॅलेंज’ हा शब्द नव्हता. रिकाम्या रकान्यांची फाइल मात्र होती.

आणि शेवटी जेव्हा पॅनेल म्हणतं ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा ‘नो, थँक यू’ म्हणून उठू नये. तुम्ही तिथे वर्षं काढणार आहात. ही जागा का रिकामी झाली? बदल मंजूर करायचा अधिकार कुणाचा? टीम ठरलेली आहे की शोधायची आहे? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: तारीख आधी ठरली की काम आधी मोजलं? भाचीने खराडीतल्या एका मुलाखतीत हे विचारलं. पॅनेलमधल्या एकाने सरळ सांगितलं की तारीख विक्रीच्या टीमने कबूल केलेली आहे, एस्टिमेट अजून व्हायचंय. ऑफर आल्यावर घरी दोन दिवस यावर चर्चा झाली. तिच्या आईला हे लक्षण चांगलं वाटलं नाही. बाबांचं म्हणणं पडलं की लपवलं नाही ना, मग जा, पहिल्या आठवड्यात मोजमाप कर आणि लेखी दे. तिने ऑफर घेतली. ईमेलमध्ये तेवढं विचारून घेतलं की पहिला आठवडा एस्टिमेटसाठी मोकळा मिळेल का, आणि त्यांनी हो म्हणून लिहून दिलंय. रुजू व्हायला अजून वेळ आहे, नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे.